आधी धृपद धरा

ग्रामसभा संपली की दुसरी ग्रामसभा भरते, ती चहाच्या टपरीवर. आत मंडपात तास-दीड तास खांबाला टेकून गप्प बसलेला माणूस हातात कप आला की बोलायला लागतो. नव्या गटारीचा उतार कुठल्या अंगाला हवा होता, शाळेच्या मागे पाणी का तुंबतं, ओढ्यावरचा नळ्यांचा पूल किती पाऊस सोसेल, सगळं त्याला ठाऊक असतं. बहुतेक वेळा त्याचंच बरोबरही असतं. 'मग आत का नाही बोललास?' म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'जाऊ द्या की, आपल्याला कुठं चारचौघांत बोलता येतंय.'

इंदापूर तालुक्यातल्या बावड्यापासून बारामतीपर्यंत हे वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकू येतं. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात गेलेली मुलगी वर्गात शंका विचारत नाही, कारण तिच्या तोंडचं 'पानी' ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलेलं असतं. दोन एकरवाला तरुण मुलगी बघायला जायचं म्हटलं की मित्राचे बूट मागून नेतो आणि तिथे बसल्या बसल्या तेच बूट खुर्चीखाली लपवतो. बचत गटाचा पै-पैचा हिशोब तोंडपाठ असलेली बाई बँकेच्या साहेबासमोर गेली की पदर तोंडाला लावते. कुणाला रंगाची लाज, कुणाला दातांची, कुणाला टकलाची, कुणाला बापाच्या कामाची. हे लिहिणं अशा सगळ्यांसाठी आहे. शेवटी थोडं पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांसाठीही आहे, त्यांनी उठून जाऊ नये.

'आत्मविश्वास बाळगा' असं मी कुणाला सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांची व्याख्यानं होतात, मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ फिरतात, ऐकताना छाती दोन इंच फुगते. दुसऱ्या दिवशी बँकेच्या काउंटरसमोर उभं राहायची वेळ आली की ती पुन्हा होती तेवढी होते. या सल्ल्यात क्रम उलटा आहे. आधी मनातली भीती जाईल, मग मी उभा राहीन, असं कधी होत नाही. आधी लटपटत का होईना उभं राहायचं, भीती मागाहून तिच्या सवडीनं जाते. आणि उभं राहायचं तेसुद्धा एकदम पुढे नाही. मागच्या रांगेत.

हे मी पदरचं सांगत नाही. तुकोबांनी सांगून ठेवलंय.

दरवर्षी आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. तिथून सुरवड, बावडा या वाटेनं सराटीला जाते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि नदी ओलांडून पालखी अकलूजकडे, सोलापूर जिल्ह्यात शिरते. आपण वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडतो. पण ज्याच्या पादुका आपल्या दारावरून जातात तो माणूस एके काळी लाजेनं पार खचला होता, हे आपल्या ध्यानीमनी नसतं.

तुकोबांचा एक अभंग आहे, त्यांच्या आयुष्याची हकिगत सांगणारा. हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो, असं ते सुरुवातीलाच म्हणतात. आईवडील गेले. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते द्रव्य गेलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. धंद्यात तूट आली तेव्हा आपल्याला जिवाची लाज वाटू लागली, हेही ते काही आडपडदा न ठेवता सांगतात. दुकान बुडालेला एक वाणी आपली लाज स्वतःच्या तोंडानं गावापुढे मांडतो, याची किंमत ज्याचं दुकान कधी बुडालं त्यालाच कळेल.

पुढे त्यांनी काय केलं ते बघा. गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करायचं मनावर घेतलं. म्हणजे पहिलं काम हाताचं, तोंडाचं नव्हे. मग कीर्तनाला उभे राहू लागले, तेही सुरुवातीला एकादशीला. या गोष्टीचा आपल्याला अभ्यास नव्हता, असं ते सांगतात. म्हणून आधीच्या संतांची काही वचनं पाठ केली. जे पुढे गात, त्यांच्या मागे राहून धृपद धरलं. संतांच्या पायाचं पाणी तीर्थ म्हणून घेताना मनात लाज येऊ दिली नाही. अंग कष्टवून जमेल तेवढा दुसऱ्याला उपयोग केला. आणि खरं काय, खोटं काय, हे ठरवताना स्वतःच्या मनाला साक्षी ठेवलं, बहुमताकडे बघितलं नाही.

मराठीतला एवढा मोठा कवी म्हणतो, मला येत नव्हतं, मी पाठ केलं, मी मागे उभा राहून म्हटलं. लाजऱ्या माणसाला याहून उपयोगी पडणारा मजकूर मला तरी माहीत नाही. आपण मात्र हा अभंग कीर्तनात ऐकतो, वैराग्याच्या खात्यावर टाकतो आणि बुक्का लावून घरी येतो.

धृपद धरणं म्हणजे काय, हे ज्यांनी भजनी मंडळ जवळून पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुढचा एकजण चरण म्हणतो, तो संपला की मागचे सगळे मिळून धृपद, म्हणजे पालुपदाची ओळ, उचलतात. नवा माणूस रांगेच्या टोकाला असतो. हातात टाळ, नजर पखवाजवाल्याच्या बोटांवर. सुरुवातीला त्याचे टाळ मागे पडतात, आवाज तर गळ्याच्या वर येतच नाही. पण दहा-बारा जणांच्या आवाजात त्याचा वेगळा काढता येत नाही, त्याला स्वतःलाही नाही. मग कधीतरी पुढच्या म्हाताऱ्याला खोकल्याची ढास लागते आणि धृपदाचा पहिला शब्द याच्या तोंडून निघून जातो. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी मागे वळून बघत नाही. भजन पुढे चालू राहतं.

हरिनाम सप्ताहातला वीणेचा पहारा तर लाजऱ्यांसाठीच काढलाय की काय, असं मला कायम वाटत आलंय. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून दिवसरात्रीचे पहारे वाटून घेतात. रात्री दोन-तीनच्या सुमाराला देवळात कोण असतं? सतरंजीवर चादर तोंडावर ओढून झोपलेले दोघेतिघे टाळकरी, आणि गळ्यात वीणा अडकवून नाम घेत उभा असलेला एकटा पहारेकरी. ऐकणारं कुणी नाही, चुकलं तर हसणारं कुणी नाही, तरी उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. चारचौघांत तोंड उघडायची ज्याला धास्ती आहे त्यानं यंदाच्या सप्ताहात मध्यरात्रीनंतरचा पहारा मागून घ्यावा. देणारे आनंदानं देतील, त्या वेळेला माणूस मिळत नसतो.

ज्याला देवाधर्माशी घेणं नाही त्यानं देऊळ सोडावं, क्रम सोडू नये. ग्रामसभेत पहिल्या खेपेला स्वतःचा प्रश्न मांडूच नका. दुसऱ्यानं मांडला की 'आमच्या वस्तीवरबी तसंच आहे' एवढंच म्हणा आणि खाली बसा. झालं, धृपद धरलं. पुढच्या खेपेला प्रश्न कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा. कागद बघून बोलण्यात कमीपणा कसला? राज्याचे अर्थमंत्री विधानसभेत अर्थसंकल्पाचं भाषण वाचूनच दाखवतात. बायांसाठी तर कायद्यानंच मागची रांग करून ठेवली आहे: ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरवरच्या सह्यांपुरती उरते, कारण आपण सही करून पोळ्या करायला परत येतो. पुढच्या वेळी सही केल्यावर पंधरा मिनिटं तिथे बसा आणि शेजारणीला सांगतो तसं तिथल्या बाईंना सांगा की नळाला पाणी पहाटे चारला येतं, ते सहाला सोडा.

हाताच्या कामाचं तुकोबांनी जे म्हटलं, ते पालखीच्या दिवशी रस्त्यावर बघायला मिळतं. कॉलेजात कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारं पोरगं त्या दिवशी आमटीची बादली घेऊन पंगतीतून पळत असतं. 'माउली, आमटी? माउली, भात?' अनोळखी माणसांशी ते शेकडो वेळा बोलतं. शर्टावर आमटी सांडलेली असते, घामानं केस चिकटलेले असतात, त्याला पत्ता नसतो. लाजताना आपलं सगळं लक्ष स्वतःवर असतं: हात कुठे ठेवू, आवाज फाटला का, पँट आखूड दिसते का. वाढताना ते लक्ष पुढच्याच्या पत्रावळीवर जातं आणि लाजायला जागाच उरत नाही. म्हणून लग्नाकार्यात भिंतीला चिकटून उभं राहण्यापेक्षा पाण्याचा जग हातात घ्यावा. जे लोक आपल्याला बघतील म्हणून आपण घाबरतो, त्यांच्यापुढे जग घेऊन गेलं की ते फक्त जगाकडे बघतात.

तसे ते एरवीही आपल्याकडे फारसं बघत नाहीत. हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचं मोठं चित्र छापलेला टी-शर्ट घालायला द्यायचा. तो गायक तिथल्या पोरांच्या हिशेबी जुनाट, घालायला लाज वाटावी असा. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि बाहेर आल्यावर विचारायचं, कितीजणांनी तुझ्या छातीवरचं चित्र ओळखलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते ध्यानात आलं होतं. आपल्या फाटक्या चपलेवर, तोंडावरच्या पुटकुळीवर, चुकलेल्या शब्दावर लोकांची नजर आहे असं आपल्याला वाटतं, तेव्हा निम्मी नजर आपणच घातलेली असते. उरलेल्या लोकांना स्वतःच्या चपलेची पडलेली असते.

आता कुणी म्हणेल, तो अमेरिकेतला शहरातला हिशोब झाला, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. खरं आहे. गावात लोक बघतात, बोलतात आणि पारावर विषयही होतो. पण तो विषय टिकतो किती? कुणाचा तरी ट्रॅक्टर उलटेपर्यंत, नाहीतर कुणाच्या तरी घरात वाटण्या होईपर्यंत. गावाला रोज नवा विषय लागतो. आपणच आपला विषय वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतो.

अल्बर्ट एलिस नावाचे मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत होऊन गेले. मराठी वाचकांना ते डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लिहिण्या-बोलण्यामुळे ओळखीचे आहेत. पोरवयात एलिसना मुलींशी बोलायची भयंकर भीती. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या बागेत एक नेम धरला: बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिन्याभरात शंभराहून जास्त जणींशी त्यांनी असा प्रयत्न केला. कित्येकजणी उठून गेल्या. भेटायला यायचं कबूल केलं एकीनं, आणि तीही आली नाही. म्हणजे यश म्हणाल तर भोपळा. पण कुणी चप्पल काढली नाही, कुणी पोलीस बोलावला नाही, आकाश कोसळलं नाही. भीती गेली ती या भोपळ्यानं गेली. (आमच्याकडे बाकावरच्या अनोळखी बाईशेजारी जाऊन बसा असं मी कुणाला सांगत नाही, नाहीतर हा लेख वाचून कुणी मार खायचा.) पुढे ते आपल्या रुग्णांनाही मुद्दाम फजिती करून घ्यायला सांगत. आपल्याकडे त्याची सोय सोपी आहे. बावड्याहून सुटलेल्या एसटीत कंडक्टरला मोठ्यानं विचारा, 'ही गाडी अकलूजला जाती का वो?' पाटी अकलूजची असली तरी विचारा. दोघंतिघं वळून बघतील, एखादा म्हणेल 'पाटी वाच की बाबा', आणि गाडी सराटीला पोचायच्या आत सगळे विसरलेले असतील. तुम्ही मात्र फजितीतून जिवंत बाहेर आलेले असाल.

बोलण्याच्या लाजेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. पोरगं पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी जातं, सदाशिव पेठेत कॉट घेतं, अभ्यासिकेत दिवस काढतं. अभ्यास उत्तम. घरचा फोन आला की बाहेर जिन्यात जाऊन दबक्या आवाजात बोलतं, आईशी 'आलोय, जेवलोय, न्हाय' असं बोलताना कुणी ऐकू नये म्हणून. गंमत अशी की नीरा ओलांडली की जे अकलूज लागतं, तिथल्या रिंकू राजगुरूनं 'सैराट'मध्ये याच बोलीत, याच तोऱ्यात बोलून दाखवलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये तिच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. तो सिनेमा काढणारे नागराज मंजुळे उजनीच्या पलीकडचे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या थिएटरांत लोकांनी शिट्ट्या मारल्या त्या बोलीला.

म्हणून प्रमाण मराठी शिकूच नका असं मी म्हणणार नाही. शिका. इंग्रजीही शिका, तिच्यावाचून पुष्कळ दारं उघडत नाहीत हे खोटं नाही. पण ती शिकायची गरज म्हणून, आधीची बोली पुसायला नव्हे. आणि ती येत नाही तोवर थांबून राहायचं कारणही नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवांची मुख्य परीक्षा, सक्तीचा इंग्रजीचा पेपर सोडला तर, मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. देशातल्या सगळ्यात अवघड परीक्षेला मराठी चालत असेल, तर खताच्या दुकानात, दवाखान्यात, हॉटेलात 'एक्सक्यूज मी'वाचून अडायचं कशाला?

रंगारूपाबद्दल थोडक्यात. लग्नाच्या बायोडाट्यात 'वर्ण: गव्हाळ' असं लिहिणाऱ्या निम्म्या घरांना आपल्या गव्हाचा रंग माहीत असतो, तरी लिहितात. तोंडाला लावायच्या ट्यूबवर पैसे घालणाऱ्या पोरींना एवढंच सांगतो की मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली स्टेरॉइडची मलमं तोंडाची कातडी पातळ करतात, त्यांच्यापेक्षा काळं राहिलेलं बरं. कोडाचे पांढरे डाग असलेल्यांनी पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांचं काम बघावं. त्यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी 'श्वेता असोसिएशन' काढून अशा लोकांना एकत्र आणलं, त्यांचे वधूवर मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा सिनेमा कोड असलेल्या डॉक्टर मुलीचाच आहे. कोड संसर्गजन्य नाही, ते महारोग नाही, ताटात जेवल्यानं किंवा हात हातात घेतल्यानं ते कुणाला होत नाही. एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगायचं काम शिकलेल्या पोरांनी घ्यावं, ज्याला डाग आहेत त्याच्यावर ते टाकू नये.

कर्जाची लाज या सगळ्यांपेक्षा घातक. उसाचं बिल लांबलं, सोसायटीचं थकलं, डाळिंबाच्या बागेवर तेल्या आला, आणि माणूस पारावर यायचा बंद होतो. लग्नाच्या पत्रिका येतात, हा जात नाही. बायकोलाही खरा आकडा सांगत नाही. तुकोबांनी भर समाजात सांगितलेली गोष्ट आपण घरातल्या घरात सांगू शकत नाही, हे मला फार लागतं. बाबांनो, आकडा कागदावर लिहा आणि एका माणसाला दाखवा. भाऊ असो, मेहुणा असो, गटसचिव असो. एकाला दाखवला की तो आकडा निदान नुसता आकडा होतो. लपवलेला आकडा रात्रीतून वाढतो, व्याज लागायच्या आधीच.

लाज कधी कधी लाज राहत नाही, दुखणं होते. माणूस आठवडाच्या आठवडा झोपत नसेल, घराबाहेर पडायचंच सोडलं असेल, जेवणावरचं मन उडालं असेल, जगण्यात काही राम नाही असं बोलत असेल, तर त्याला टाळ किंवा पाण्याचा जग हातात देऊन भागणार नाही. १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस'चा नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. शेजारच्यानं शेजाऱ्यासाठी विचारायला फोन केला तरी चालतो. जिवाचं काही करून घेण्याची भाषा निघाली तर मात्र फोनवर थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा.

इथवर मी सगळं लाजणाऱ्यालाच सांगत आलो. तेवढंच सांगून थांबलो तर तो शुद्ध लबाडपणा होईल. सगळी लाज माणसाच्या स्वतःच्या डोक्यातून उगवत नाही. पुष्कळशी बाहेरून घातलेली असते आणि आमच्या बावड्याला तर हे विसरायची सोयच नाही. १९७२ साली या गावात दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. राज्यभर त्याचा बोभाटा झाला. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली. ते तरुण ज्या घटनांनी पेटून उठले, त्यांत परभणीकडचं ब्राह्मणगाव होतं आणि इंदापूर तालुक्यातलं बावडा होतं. ज्याला गावानंच तू आमच्यातला नाहीस म्हणून सांगितलं, त्याला 'लोकांकडे लक्ष देऊ नकोस' हा सल्ला काय कामाचा? तिथे लोकांनाच बदलावं लागतं, आणि ते बदलायला रस्त्यावर यावं लागतं.

बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एका वेळी केल्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते एका अंगानं हक्कासाठी सत्याग्रह परिषद भरवत होते आणि त्याच मुक्कामात जमलेल्या बायांना सांगत होते की लुगडं नेसायची आपली निराळी तऱ्हा सोडा, जात ओळखू येईल असले गळाभर, हातभर दागिने टाकून द्या. बाहेरच्या अन्यायाशी झगडा आणि अंगावरची खूण उतरवणं, यातलं एक झाल्यावर दुसरं बघू, असं ते म्हणाले नाहीत.

मंजुळ्यांचा 'फँड्री' ज्यांनी पाहिला असेल त्यांना शेवट आठवत असेल. जब्या नावाच्या पोराचं सगळं घर डुकरं धरतंय, शाळेतली पोरं कडेला उभी राहून हसतायत, आणि तो लपायला जागा शोधतोय. शेवटी त्यानं भिरकावलेला दगड सिनेमा बघणाऱ्याच्या अंगावर येतो. तो दगड कडेला उभं राहून हसणाऱ्यांसाठी होता.

तर आता पुढच्या खुर्च्यांवाले. आपल्या गावांत माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची पद्धत कमी. काळ्या, जाड्या, तोतऱ्या, टकल्या, लंगड्या. 'मायेनं म्हणतो वो, त्याला काय वाटत नाही,' असं म्हणणारा कधी त्या नावाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलेला नसतो. त्याला वाटतं. लग्न होऊन पोरं झाली, त्या पोरांसमोर कुणी 'ए तोतऱ्या' म्हणून हाक मारली, की फारच वाटतं. निदान पुढच्या पिढीत ही नावं नेऊ नका. मुलगी बघायला गेल्यावर 'फोटोत उजळ दिसत होती' असं तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं बोलू नका, आणि खरं तर हळूही बोलू नका. पोरगं बोलताना अडखळलं तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करून देऊ नका, 'सावकाश बोल, घाबरू नको' असंही म्हणू नका. त्यानं ते जास्त अडतं. त्याच्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघा आणि त्याचं संपेपर्यंत थांबा.

भजनी मंडळातल्या जुन्या मंडळींनी नव्या माणसाला रांगेत सरकून जागा द्यावी आणि त्याचे टाळ मागे पडले तर पखवाजवाल्याकडे बघून डोळे मिचकावू नयेत. ग्रामसभेत कुणी कागद वाचून दाखवायला लागलं तर 'तोंडी बोला की' असं ओरडू नये. आणि येत्या १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात पाचवीतलं एखादं पोरगं भाषणाला उभं राहील. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' इथपर्यंत धडाधडा जाईल आणि पुढचं वाक्य त्याच्या डोक्यातून पार उडून जाईल. ते वर बघेल, खाली बघेल, शर्टाची कड पिळेल. तेव्हा पुढे बसलेल्यांनी एकमेकांकडे बघून हसू नये, गुरुजींनी मागून वाक्य सांगायची घाई करू नये आणि उपकार म्हणून अर्ध्यातच टाळ्या वाजवून त्याला खालीही बसवू नये. गप्प बसून वाट बघावी. पाठ केलेलं असतं, थोड्या वेळानं आठवतं.